दहा बाय दहाच्या खोलीत पहिली बीट

नमनाला घडाभर तेल नको. बीट, म्हणजे गाण्याच्या किंवा रॅपच्या खाली वाजणारं संगीत, बनवायला लागतात तीन गोष्टी: बरा चालणारा एक लॅपटॉप, तारेचे हेडफोन आणि एक सॉफ्टवेअर. बाकीचं सगळं नंतरचं. नवख्यांचा क्रम बहुतेकदा उलटा असतो. आधी स्पीकर, मग मोठा माइक, मग भिंतीला फोम, आणि सहा महिन्यांनी हार्ड डिस्कवर आठ-आठ मात्रांचे चाळीस अर्धवट तुकडे. पुढचा क्रम मुंबईच्या घराला धरून आहे. म्हणजे खोली लहान, भिंत शेजाऱ्याशी सामाईक आणि खिडकीखाली रिक्षा.

सामान: काय आणि कोणत्या क्रमाने

लॅपटॉपला किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. १६ जीबी असेल तर दोन-तीन वर्षं निवांत. जुन्या फिरत्या डिस्कच्या मशीनला नवी एसएसडी बसवून घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जाणवणारा बदल. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे काम बसल्या बसल्या होतं. मात्र जुन्या डिस्कवरचा डेटा आधी स्वतः कॉपी करून घ्या.

हेडफोन तारेचेच. ब्लूटूथवर आवाज साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे बोट आत्ता पडतं आणि ठोका नंतर ऐकू येतो. तालात वाजवणं मग अशक्यच. शिवाय ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेले हेडफोन घेऊ नका. त्यात खालचे सूर आधीच फुगवलेले असतात. तुम्ही बीटमधला बास कमी ठेवता आणि दुसऱ्याच्या गाडीत ती पोकळ वाजते. रेकॉर्डिंगही करायचं असेल तर कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन घ्या. उघड्या पाठीचे घेतले तर क्लिकचा, म्हणजे लय सांगणाऱ्या ठोक्याचा, टकटकाट माइकमध्ये शिरतो.

हे झालं की दुसरा टप्पा २५ पट्ट्यांच्या छोट्या मिडी कीबोर्डचा. शेजारी आठ पॅड असलेला असेल तर ड्रम बोटांनी वाजवता येतात. हा कीबोर्ड स्वतः आवाज करत नाही, फक्त कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढं कॉम्प्युटरला सांगतो. म्हणून तो महागाचा असण्याची गरज नाही.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक किंवा वाद्य लॅपटॉपला जोडणारा डबा, आणि माइक तिसऱ्या टप्प्यात, तेही आवाज किंवा वाद्य रेकॉर्ड करायचं असेल तरच. फक्त बीट बनवणाऱ्याचं वर्षभर त्यावाचून अडत नाही. स्पीकर सगळ्यात शेवटी. कारण पुढे खोलीच्या भागात येईल.

दुकानात हात लावून, कानाने ऐकून घ्यायचं असेल तर धोबी तलावचं फुर्तादोस आहेच. १८६५ पासूनचं दुकान, मरीन लाइन्सहून चालत जाता येतं. वापरलेला इंटरफेस घेणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप, केबल आणि हेडफोन बरोबर न्या. प्रत्येक इनपुटमध्ये माइक लावून बघा, कंडेन्सर माइकला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं फँटम बटण दाबून तो माइक खरंच चालतो का ते तपासा, आणि आवाजाची गोल बटणं फिरवताना खरखर येते का ते ऐका. खरखर असेल तर किमतीत घासाघीस करा. फँटम मेलं असेल तर तो सौदा सोडून द्या.

सॉफ्टवेअर: एक निवडा आणि सहा महिने बदलू नका

याला डीएडब्ल्यू (डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात, बोलताना सगळे ‘डॉ’च म्हणतात. कोणता चांगला यावर रात्र जाते, पण सगळ्यांत कामं तीच होतात.

मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात ड्रम, बास, कीबोर्ड सगळं भरलेलं आहे. फक्त अँड्रॉइड फोन आहे, लॅपटॉप नाही, तर बँडलॅब. फोनवरही चालतं, ब्राउझरमध्येही. विंडोजवर बीट बनवणाऱ्यांचा ओढा एफएल स्टुडिओकडे असतो, आणि त्यात तथ्य आहे, कारण त्याचा सोळा खान्यांचा पट्टा पाहताक्षणी कळतो. त्याच्या दोन खोड्या माहीत हव्यात. फुकट चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होतं, पण सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे बसल्या बैठकीत एक्सपोर्ट करावं, म्हणजे वाजवता येणारी फाइल काढून घ्यावी लागते. दुसरी खोडी सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीची. तिच्यात आवाज रेकॉर्ड होत नाही. गाणारे असाल तर त्याच्या वरची प्रोड्यूसर आवृत्ती घ्यावी लागते. एकदा घेतली की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट.

रीपरची साठ दिवसांची चाचणी पूर्ण सोयींसह मिळते आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. हलकं आहे, जुन्या मशीनवरही पळतं. पण ते रिकाम्या भांड्यासारखं आहे, आत वाद्यं जवळजवळ नाहीतच. ती आपण आणायची. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे आवाज घडवणारे सिंथ, स्पिटफायर लॅब्सची व्हायोलिन-पियानोसारखी वाद्यं, व्हॅल्हाला सुपरमॅसिव्हचा गुंजारव (रिव्हर्ब), टीडीआर नोव्हाचा इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा) हे सगळं फुकट आहे. डॉमध्ये बसवायच्या अशा जोड-सॉफ्टवेअरना प्लगइन म्हणतात. चोरीची, ‘क्रॅक’ केलेली प्लगइन टाकू नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी अशा फाइलींबरोबर व्हायरस येतात आणि ऐन वेळी प्रोजेक्ट उघडत नाही.

पहिली जोडणी

विंडोजवर ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन ‘आसिओ’ ड्रायव्हर निवडा. इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा, नसेल तर फुकटचा आसिओ-फॉर-ऑल. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर ठेवला तर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. मॅकवर ही कटकट नाही.

मग बफर, म्हणजे आवाजाचे किती सूक्ष्म तुकडे (सॅम्पल) जमवून लॅपटॉप पुढे पाठवतो तो आकडा. वाजवताना आणि रेकॉर्ड करताना १२८ सॅम्पल ठेवा. ४८,००० हर्ट्झला तो २.७ मिलिसेकंद होतो, कानाला कळतही नाही. पुढे मिक्स करताना १०२४ करा, म्हणजे प्रोसेसरवरचा ताण उतरतो. आवाजात तडतड आली की आधी बफर वाढवा, मग लॅपटॉप ‘बॅटरी सेव्हर’वर नाही ना ते बघा, चार्जर लावा, वायफाय आणि ब्राउझर बंद करा. दहातल्या आठ तडतडी इथेच संपतात.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल, ४४,१०० किंवा ४८,००० यांपैकी एक ठरवा आणि इंटरफेसवर, प्रोजेक्टमध्ये तोच ठेवा. दोन्हीकडे वेगळा असला तर ४४,१०० ची फाइल ४८,००० ने वाजते आणि सगळं गाणं जवळजवळ दीड पट्टी वर चढतं, थोडं जलदही होतं. गायक म्हणतो ‘मी असा गायलोच नाही’, आणि तो खरं बोलत असतो. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने मोजायचा ते, २४.

पहिली बीट, खाना खाना

लय मिनिटाला ९० ठोके. एक आवर्तन म्हणजे एक बार, चार मात्रांचा. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले की सोळा खाने. ९० च्या लयीत एक खाना १६७ मिलिसेकंदांचा आणि एक बार २.६७ सेकंदांचा.

१. किक (खालचा ‘धम्म’): खाना १, ८ आणि ११.
२. स्नेअर (कडक ‘टाक’): खाना ५ आणि १३. ही दुसरी आणि चौथी मात्रा, टाळी इथेच पडते.
३. हाय-हॅट (झांजेचा ‘चिक’): १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५.

वाजवा. ऐकायला बरं, पण शिवणयंत्रासारखं. प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा आहे म्हणून. ठोक्याच्या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात, ती १ ते १२७. हाय-हॅटचे ठोके आळीपाळीने १०० आणि ६५ करा. आठव्या खान्यावरची किक ८० वर आणा, कारण ती मुख्य नाही, पुढच्या ठोक्याची चाहूल आहे. स्नेअर ग्रिडवरून, म्हणजे खान्याच्या रेघेवरून, दहा मिलिसेकंद उशिरा सरकवा. हाय-हॅटच्या रांगेत एक-दोन सम संख्येचे खाने भरा आणि स्विंग ५५ ते ५८ टक्के ठेवा. स्विंग सम खान्यांनाच उशिरा ढकलतो, ते रिकामे असतील तर त्याचा परिणामच होत नाही. ढोलकीवाला ज्याला ‘वजन’ म्हणतो ते हेच. दुसऱ्या बारमध्ये शेवटच्या दोन खान्यांत काहीतरी बदला, एक ठोका जास्त किंवा एक कमी, आणि चार बारचा तुकडा तयार करा.

आता सोळा खाने सोडून द्या. कोळीगीतांच्या अनेक ठेक्यांची झुलती चाल सोळाच्या खान्यांत बसत नाही. तिथे मात्रेचे चार नव्हे, तीन भाग पडतात. ग्रिड ट्रिपलेटवर न्या, एका बारमध्ये बारा खाने होतील. लय १०५ ते ११५. किक १ आणि ७ वर, टाळी किंवा हलगी ४ आणि १० वर, आणि खुळखुळा १, ३, ४, ६, ७, ९, १०, १२ वर. लांब-आखूड, लांब-आखूड असा झोका लगेच येतो. इथे स्विंगचं बटण लावू नका, झोका खान्यांतच आहे. अशीच केरव्याला आठ मात्रा, दादऱ्याला सहा, रूपकाला सात. रूपकासाठी प्रोजेक्टची मात्रासंख्या ७/८ करा, नाहीतर सम प्रत्येक आवर्तनात घसरत जाते आणि कुठे चुकलं तेच कळत नाही.

सूर: फक्त काळ्या पट्ट्या

पेटी शिकलेल्यांना ही गंमत माहीत असते, कॉर्ड शिकत बसलेल्यांना कुणी सांगत नाही. पांढऱ्या पट्ट्यांना हात न लावता पाचच काळ्या पट्ट्या वाजवा. दोन काळ्यांच्या जोडीपासून डावीकडून मोजलं की काळी एक ते पाच. काळी तीन सा धरली तर सा रे ग प ध, म्हणजे भूप. त्याच पाच पट्ट्यांत काळी एक सा धरली तर दुर्गाचे सूर, काळी दोन धरली तर धानीचे, काळी चार धरली तर मेघाचे, काळी पाच धरली तर मालकंसाचे. सूर तेच, घर बदललं की रंग बदलतो. यात चुकीची पट्टी लागण्याची सोयच नाही, म्हणून पहिल्या दहा बीट अशाच करा. राग मांडल्याचा दावा मात्र करू नका. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत.

मिडी कीबोर्ड नसेल तर लॅपटॉपच्या कळाही चालतात. एफएल स्टुडिओत एस, डी, जी, एच, जे या पाच कळा म्हणजे काळी एक ते पाच. गॅरेजबँड आणि एबलटन या दुसऱ्या एका डॉमध्ये त्या डब्ल्यू, ई, टी, वाय, यू.

हिप-हॉपला धानी आणि मालकंसाचे सूर चांगले बसतात. बास ठेवताना आधी नुसता सा, किकच्या जागी. मग बारच्या शेवटी कोमल नी किंवा मध्यम. एवढ्यावर कितीतरी गाणी उभी आहेत.

बाससाठी ‘८०८’ नावाचा लांब घुमणारा किकचा आवाज वापरणार असाल, तर हा आकडा रोलँडच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या ड्रम यंत्राचा. मुंबईतले चित्रपट-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच यंत्राच्या ठेक्यावर, सोबत रोलँडचंच टीबी-३०३ हे बास-सिंथ घेऊन, राग वाजवून तबकडी काढली होती. त्यामुळे ‘आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं’ म्हणायला तितकीशी जागा नाही. असो. ८०८ चं सॅम्पल (इथे अर्थ, आधीच मुद्रित केलेला आवाज) कोणत्या सुरात आहे ते ट्यूनरने बघितल्याशिवाय वापरू नका. फाइलच्या नावात लिहिलेला सूर पुष्कळदा चुकीचा असतो. बास पाव पट्टीने उतरलेला असला तर हेडफोनमध्ये काहीतरी ‘कोंदट’ वाटतं एवढंच कळतं, बेसूर आहे हे कळत नाही. तपासायला तो दोन सप्तकं वर नेऊन ऐका.

आणखी एक. सर्वांत खालची काळी तीन ४६ हर्ट्झची. फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोहोचतच नाही. बासवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाटवणारा परिणाम, लावा, त्याने वरचे अंश तयार होतात, ९२, १३९, १८५ हर्ट्झचे आणि त्याच्याही वरचे. कान त्यांवरून मूळ सूर ताडतो आणि फोनवरही बास ‘असल्यासारखा’ वाटतो.

तुकड्याचं गाणं करणं

इथे सगळे अडकतात. चार बार छान झाले की माणूस ते दोनशे वेळा ऐकतो, त्यात वाद्यं भरत जातो, आणि गाणं कधीच होत नाही. उपाय कोरडा आहे, पण चालतो. जितकी वाद्यं एकदम वाजू शकतात तेवढी भरून सगळ्यात गच्च असे आठ बार करा. ते ध्रुवपद. ते ६४ बारभर पसरवा आणि मग फक्त काढत जा.

सुरुवात ४ बार, नुसती धून. पहिला अंतरा १६ बार, ड्रम आणि बास, धून बंद. ध्रुवपद ८, सगळं. दुसरा अंतरा १६, यात पहिल्या चार बारला किक काढा, म्हणजे परत आली की जाणवते. ध्रुवपद ८. मग ८ बार वेगळा भाग, ड्रम नाहीत. शेवट ४. ९० च्या लयीत हे २ मिनिटं ५१ सेकंद होतं. अंतऱ्यात रॅपर किंवा गायक येणार आहे, त्याच्यासाठी जागा रिकामी सोडा. बीट एकटी ऐकताना अंतरा थोडा ओकाबोका वाटला पाहिजे. तो भरलेला वाटत असेल तर शब्दांना जागाच उरलेली नाही.

आपले आवाज, आपली रेकॉर्डिंग

तयार सॅम्पलच्या पुडीत जगातल्या सगळ्यांकडे असलेलाच स्नेअर असतो. संबळ, हलगी, टाळ, लेझीम, बेंजो पार्टीतला बेंजो, स्टीलच्या ताटावरचा चमचा हे स्वतः घ्या. फोनवरही चालेल, पण फाइल वेव्ह प्रकारात सेव्ह करणारं ॲप वापरा, आणि फोनचा आपोआप आवाज कमी-जास्त करणारा पर्याय बंद करता येत असेल तर करा. नाहीतर टाळांच्या दोन ठोक्यांमध्ये पंख्याची घरघर वर येते.

गणपतीत ढोल-ताशा घ्यायचा मोह होतो. पथकापासून वीसेक फूट लांब उभे राहा. जवळ गेलात तर फोनचा माइक फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. पावसाळ्यात ढोलकीचं कातडं ओल धरून उतरतं. जुलैत घेतलेली थाप आणि जानेवारीतली थाप एकाच गाण्यात लावली तर सूर जुळवून घ्यावा लागतो.

आवाज रेकॉर्ड करताना माइक कोणता हा प्रश्न घर ठरवतं. कंडेन्सर माइक बारकावे पकडतो, आणि त्याबरोबर शेजारचा कुकर, वॉचमनची शिट्टी, खालची रिक्षाही पकडतो. शांत खोली नसेल तर शूअर एसएम-५८ सारखा साधा डायनॅमिक माइक घ्या. तोंड आणि माइक यांत कंडेन्सरला एक वीत, डायनॅमिकला चार बोटं अंतर. मध्ये पॉप फिल्टर. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून बसवला तरी ‘प’ आणि ‘भ’चे फटके थांबतात.

गायकाने कुठे उभं राहायचं? कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून. नवखे नेमकं उलटं करतात, कपाटाकडे तोंड. माइकची पुढची बाजू गायकाकडे असते, म्हणजे त्याला गायकाच्या पाठीमागची भिंतही ऐकू येते. गोधडी तिथे हवी. कपाट नसेल तर दोरीवर दोन जाड गोधड्या, डोक्याच्या वरपर्यंत.

गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, इतका ठेवा की सगळ्यात जोराची ओळ उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये थांबेल (शून्य ही वरची हद्द). लाल दिवा लागला की तो टेक गेला. कमी आवाज नंतर वाढवता येतो, २४ बिटमध्ये त्याने काही बिघडत नाही. पंखा बंद, फ्रिजचं बटण अर्ध्या तासापुरतं बंद, आणि ते परत लावायची आठवण म्हणून मोबाइलवर गजर. रुळांजवळ राहत असाल तर मध्यरात्रीनंतर काही तास लोकल जवळजवळ नसतात. पण चाळीत त्या वेळी गाणार कोण? दुपारी दोन ते चार ही वेळ जास्त व्यवहारी. लोकल गेली की पुढची येईपर्यंत एक-एक कडवं घ्यायचं.

हेडफोनमध्ये सतत ‘हं’ असा गुणगुणाट येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगमध्ये आहे. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटला कित्येकदा अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. वायरमनकडून तपासून घ्या. तोवर इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शनवर लावा आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. प्लगचा अर्थिंगचा जाड पाय कापून गुणगुणाट घालवण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. झटका बसतो.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक बाहेर ठेवला तर त्यातून फुटाण्यासारखा फटफट आवाज यायला लागतो, पडद्यावर ओल बसते म्हणून. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्या सुकवा किंवा बदला.

खोली

आता स्पीकर शेवटी का, ते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो. खालच्या सप्तकातली पांढरी सहा ५५ हर्ट्झची आहे, म्हणजे ती एक पट्टी खोलीच्या टोकांना घुमते आणि बरोबर मध्यभागी बसलात तर जवळजवळ गायब होते. खोली दहा बाय दहा असेल तर लांबीचा आणि रुंदीचा दोष एकाच सुरावर येऊन पडतो. छतही दहा फूट असेल तर तिहेरी. अशा खोलीत कितीही महाग स्पीकर ठेवला तरी बास खरा ऐकू येत नाही. तोच पैसा हेडफोनमध्ये घाला.

अंड्यांचे ट्रे आणि इंचभर फोम लावून हे सुधारत नाही. ५० हर्ट्झची लहर सुमारे सात मीटर लांब असते, तिला इंचभर फोम दिसतही नाही. तो फक्त वरचे सूर खातो आणि खोली आणखी घुमी वाटते. शेजाऱ्याला जाणारा आवाज थांबण्याशी तर त्याचा काही संबंध नाही. त्याला लागते जड भिंत आणि बंद फटी. स्पीकर ठेवायचेच असतील तर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर ठेवा, तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने करा, कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) ठोकळे कापडात गुंडाळून उभे करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण त्याच्या आधी वरच्या काकू येतात.

मिक्स आणि शेवटचा हात

सगळे फेडर, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, खाली घ्या. किक उणे १० डेसिबलवर ठेवा आणि बाकी एकेक वाद्य तिच्या मापाने वर आणा. प्लगइनला हात न लावता फक्त फेडर आणि डावं-उजवं यावर अर्धा तास काढा. किक, बास आणि मुख्य आवाज मध्यभागी. सगळ्यांचा मिळून एकूण आवाज मास्टर या शेवटच्या फेडरवर उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका.

मग इक्वलायझर. गायकाच्या आवाजातलं ८० ते १०० हर्ट्झखालचं काढून टाका, तिथे फक्त पाय आपटल्याचे आणि वाहनांचे धक्के असतात. सगळं मिळून कोंदट वाटलं तर दोष बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये. एका वाद्यातून फार कापू नका, तीन-चार वाद्यांतून दोन-दोन डेसिबल काढा. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर ५ ते ८ हजार हर्ट्झ. किक आणि बास एकमेकांवर बसत असतील तर किक पडताना बास क्षणभर खाली जाईल असं साइडचेन लावा, दोन-तीन डेसिबल पुरेत.

गुंजारव म्हणजे रिव्हर्ब, तो प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावू नका. एका सेंडवर, म्हणजे सगळे ट्रॅक हवे तेवढे जिथे पाठवता येतात अशा सामाईक वाटेवर, एकच ठेवा आणि त्याचा ३०० हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर बास बोगद्यात गेल्यासारखा होतो.

तुलनेसाठी आवडतं एक गाणं प्रोजेक्टमध्ये आणा आणि त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका खाली करा. जोरात वाजणारं नेहमीच जास्त चांगलं वाटतं, त्या फसवणुकीत पडू नका. मग फोनच्या स्पीकरवर, एका कानाच्या इअरफोनवर आणि ओळखीच्या कुणाच्या रिक्षात किंवा टॅक्सीत ऐका. फोनवर किक हरवली तर तिच्यात २ ते ४ हजार हर्ट्झचा ‘टक’ वाढवा. आवाज जपून. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांची मान्य मर्यादा आहे, आणि हेडफोनमध्ये ती नकळत ओलांडते. पाऊण तासाने उठा.

मास्टरवर एक लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊ न देणारा प्लगइन, मर्यादा उणे १ डेसिबल. गाणं एकूण किती जोरात वाटतं ते ‘लफ्स’मध्ये मोजणारा फुकटचा यूलीन मीटर लावून बघा. स्पॉटिफाय आणि यूट्यूब सुमारे उणे १४ लफ्सच्या वर असलेलं गाणं खाली आणतात. म्हणजे ठोकून ठोकून उणे ६ वर नेलेली बीट शेवटी तितक्याच आवाजात वाजते, फक्त चपटी होऊन. उणे १० च्या आसपास थांबा. एक्सपोर्ट २४ बिट वेव्ह. कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलच्या नावात लय आणि पट्टी लिहा, उदाहरणार्थ ‘पाऊस ९० काळी२ चौथी’. तीन महिन्यांनी रॅपरने ‘ती दुसरी बीट’ मागितली की याची किंमत कळते. रॅपरला देताना ड्रम, बास, धून यांच्या सुट्या फाइलीही एक्सपोर्ट करून ठेवा, सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या.

कायद्यापुरतं

जुन्या गाण्याचा दोन सेकंदांचा तुकडा घेतला तरी परवानगी लागते, आणि ती दोन जणांची: ध्वनिमुद्रण ज्याच्या मालकीचं आहे त्याची आणि शब्द-चाल ज्यांची आहे त्यांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, शब्द आणि चालीचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण त्याच अभंगाला गेल्या शतकात कुणी लावलेली चाल त्याची आहे, आणि गाजलेली तबकडी कंपनीची. ओवी हवी असेल तर घरातल्या आजीकडून, तिच्या संमतीने, तिच्याच आवाजात घ्या. फ्रीसाउंडसारख्या संकेतस्थळावरचे आवाज घेताना प्रत्येकाचा परवाना वाचा, काहींना नाव द्यावं लागतं, काही व्यवसायासाठी चालत नाहीत.

बीट विकताना कागद करा. कायद्याने हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्दकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा एखाद्या कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. ‘सगळे हक्क आमचे’ असं छापलेला कागद समोर आला की सही करण्याआधी हे कलम आठवा. गाणी बाहेर पडायला लागली की आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. १९६९ पासूनची ही संस्था मुंबईतलीच आहे आणि शब्दकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. वितरकामार्फत गाणं टाकताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो. तो टिपून ठेवा. वितरक बदलला तरी क्रमांक तोच द्यायचा, नाहीतर आधीचे ऐकल्याचे आकडे शून्यावर येतात.